तुरटीपासून इरिडियमपर्यंत: ओएलईडीसाठी नवी चमकणारी संयुगं शोधायला सुरुवात कशी करायची

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ॲल्युमिनियमचं वजनी विश्लेषण केलं असेल, तर ऑक्झिन तुमच्या ओळखीचं आहे. ८-हायड्रॉक्सीक्विनोलीन हे त्याचं पूर्ण नाव. ॲल्युमिनियमच्या द्रावणात ते घालायचं, अमोनियम ॲसिटेट टाकायचं, पिवळा अवक्षेप गाळायचा, धुवायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा आणि वजन करून जर्नलमध्ये आकडा लिहायचा. हा पिवळा अवक्षेप अनेक दशकं असा फक्त तोलला जात होता. १९८७ साली रॉचेस्टरमधल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी त्याच संयुगाचा अतिपातळ थर दिला, त्यातून वीज सोडली आणि १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर हिरवा प्रकाश मिळवला. आज फोनच्या पडद्यात जे ओएलईडी तंत्रज्ञान आहे, म्हणजे वीज दिली की स्वतः चमकणारे सेंद्रिय संयुगांचे पातळ थर, त्याची खरी सुरुवात तिथून धरतात.

ज्यांना या क्षेत्रात पहिलं पाऊल टाकायचं आहे, म्हणजे एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे, नुकते पीएच.डी.ला लागलेले किंवा कॉलेजात विद्यार्थ्यांकडून काही नवं करून घेऊ पाहणारे शिक्षक, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी स्वतः इरिडियमच्या संयुगांवर काम केलं आहे. सुरुवातीला कोणी शेजारी बसून सांगितलं असतं तर माझे महिने वाचले असते, अशाच गोष्टी इथे जास्त आहेत.

पायरी १: इरिडियम मागवायच्या आधी ऑक्झिन घ्या

साधी तुरटी ०.४७ ग्रॅम तोला. हा ॲल्युमिनियमचा एक मिलिमोल झाला. ती कोमट पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये ०.४५ ग्रॅम ऑक्झिन थोड्या ॲसेटिक आम्लात विरघळवून पाण्याने पातळ करा. दोन्ही एकत्र करून ६०-७० अंशांपर्यंत तापवा आणि अमोनियम ॲसिटेटचं द्रावण हळूहळू घाला. पिवळा अवक्षेप पडतो. गाळून आधी कोमट, मग गार पाण्याने धुवा आणि १३० अंशांच्या आसपास वाळवा. हातमोजे घाला, ऑक्झिन त्वचेला चांगलं नाही. मग खोलीतला दिवा बंद करून ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही लॅम्प धरा, डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा लावून.

खरा धडा यापुढे आहे. हेच ऑक्झिन जस्त, तांबे आणि लोखंडाच्या क्षारांबरोबर वापरून चार व्हायल शेजारी शेजारी ठेवा. ॲल्युमिनियम आणि जस्ताची संयुगं पिवळसर हिरवी चमकतात. तांब्याचं आणि लोखंडाचं मात्र अंधारातच राहतं. लिगंड, म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू (इथे ऑक्झिन), तोच, लॅम्प तोच. फरक धातूच्या डी-इलेक्ट्रॉनांचा आहे. ॲल्युमिनियमकडे ते नाहीतच आणि जस्ताचे दहाच्या दहा भरलेले आहेत. तांबे (दोन) मध्ये नऊ आणि लोखंड (तीन) मध्ये पाच असतात, म्हणजे डी-कक्षा अर्धवट भरलेल्या. लिगंडने घेतलेली ऊर्जा या अर्धवट कक्षांच्या खालच्या पातळ्यांमध्ये उतरते आणि उष्णता होऊन जाते. नवं चमकणारं संयुग आखताना पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: ऊर्जा गळून जाईल अशी खालची पातळी माझ्या रेणूत कुठे आहे का? हा प्रश्न चार व्हायलसमोर बसून पडला की पुस्तकातली आकृती पुन्हा समजावून द्यावी लागत नाही. म्हणून ही दुपार वगळू नका.

पायरी २: जड धातू का लागतो

वीज देऊन रेणू उत्तेजित होतात तेव्हा सरासरी चारातला एक सिंग्लेट अवस्थेत (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांविरुद्ध) जातो आणि तीन ट्रिप्लेट अवस्थेत (स्पिन समांतर). ॲल्युमिनियमच्या ऑक्झिनेटसारखं फ्लुओरेसंट संयुग फक्त सिंग्लेटमधून प्रकाश देतं. उरलेले ७५ टक्के वाया जातात, कारण ट्रिप्लेटमधून खाली यायला स्पिन उलटावा लागतो आणि हलक्या अणूंमध्ये ते फार सावकाश होतं. जड अणूत इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती एकमेकांत गुंततात. याला स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हणतात. त्यामुळे ती मनाई सैल होते आणि ट्रिप्लेटही प्रकाश देऊ लागतो. या प्रकाशाला फॉस्फोरेसन्स म्हणतात.

१९९८ मध्ये प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी प्लॅटिनमच्या पोर्फिरिनपासून लाल प्रकाश मिळवून हे दाखवलं. त्याची ट्रिप्लेट अवस्था मात्र दहादहा मायक्रोसेकंद रेंगाळायची, त्यामुळे विद्युतप्रवाह वाढवला की कार्यक्षमता घसरायची. पुढच्याच वर्षी त्यांनी इरिडियमला तीन फिनाइलपिरिडीन जोडलेलं हिरवं संयुग वापरलं. त्याचं आयुर्मान एक-दोन मायक्रोसेकंदांचं. तेव्हापासून इरिडियम या क्षेत्राच्या केंद्रस्थानी आहे. १८०३ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी हा धातू शोधला आणि त्याच्या क्षारांचे रंग पाहून इंद्रधनुष्याची ग्रीक देवता आयरिस हिचं नाव दिलं. इतकं चपखल नाव क्वचितच एखाद्या मूलद्रव्याला मिळालं असेल.

इरिडियम दुर्मीळ आहे आणि बहुतांश दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनमच्या खाणकामात जोडउत्पादन म्हणून मिळतं. म्हणून तांबे (एक) आणि सोनं (एक) यांच्यावरही जोरात काम चालू आहे. २०१७ मध्ये कार्बीन, सोनं आणि अमाइड अशा सरळ रेषेतल्या संयुगांनी चांगले दिवे होतात हे केंब्रिज आणि ईस्ट अँग्लियाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. खर्चाची अडचण असेल तर तांब्यापासून सुरुवात करायला मुळीच संकोच नको. कॉपर आयोडाइड आणि पिरिडीनचं चार-चार अणूंचं घनाकृती संयुग साध्या प्रयोगशाळेत होतं. यूव्हीखाली ते पिवळं चमकतं आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलं की निळसर होतं. दोन वेगळ्या उत्तेजित अवस्था एकाच व्हायलमध्ये डोळ्यांना दिसतात. फक्त पिरिडीन फ्यूम हूडमध्येच हाताळा.

पायरी ३: एका वेळी एकच खुंटी पिळा

तंबोरा लावताना सगळ्या खुंट्या एकदम पिळत नाहीत. इथेही तसंच आहे.

इरिडियम-फिनाइलपिरिडीनमध्ये सर्वांत वरची भरलेली कक्षा, म्हणजे होमो, इरिडियम आणि फिनाइल कड्यावर पसरलेली असते. सर्वांत खालची रिकामी कक्षा, म्हणजे ल्यूमो, मुख्यतः पिरिडीन कड्यावर असते. त्यामुळे रंग बदलायला दोन स्वतंत्र खुंट्या मिळतात. फिनाइलवर फ्लुओरीन लावला की होमो खाली जातो, अंतर वाढतं आणि रंग निळ्याकडे सरकतो. पिरिडीनवर मिथॉक्सीसारखा इलेक्ट्रॉन देणारा गट लावला की ल्यूमो वर जातो आणि पुन्हा निळ्याकडे. उलट पिरिडीनच्या जागी आयसोक्विनोलीन घेतलं की पाय (π) इलेक्ट्रॉनांची साखळी लांबते, ल्यूमो खाली येतो आणि ६२० नॅनोमीटरजवळ लाल मिळतो.

नवशिका दोन्ही कड्यांवर चार गट एकदम लावून मोकळा होतो. रंग बदलतो खरा, पण कशामुळे बदलला ते कधीच कळत नाही. पाच संयुगांची मालिका करा, प्रत्येकात मागच्यापेक्षा एकच फरक ठेवा. त्यातली तीन निकामी निघाली तरी तुमच्याकडे कारण सांगता येईल अशी मालिका असते, आणि प्रबंधाच्या परीक्षेला तीच उपयोगी पडते.

पायरी ४: आधी संगणकावर

इरिडियम क्लोराइडचा एकेक ग्रॅम हजारो रुपयांचा, त्यामुळे कागदावरच्या वीस कल्पनांतून चार निवडायचं काम संगणकाला द्या. ऑर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. डीएफटीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याच्या गणिती पद्धतीने, ट्रिप्लेट अवस्थेची रचना काढा आणि तिच्यातून मूळ अवस्थेपर्यंतचं ऊर्जेचं अंतर मोजा. तरंगलांबी हवी तर १२४० ला त्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आकड्याने भागायचं.

उत्तरावर किती विश्वास ठेवायचा? ५०० नॅनोमीटर म्हणजे २.४८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. गणितात ०.२ ची चूक सहज होते आणि तेवढ्याने आकडा ५४४ वर जातो, निळसर हिरव्याचा पिवळसर हिरवा होतो. म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. आधी माहीत असलेल्या दोन-तीन संयुगांचं गणित करा, प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून पाहा आणि मग नव्या संयुगांचा क्रम लावा. क्रम बहुधा बरोबर येतो.

याच आठवड्यात शोधनिबंधांबरोबर पेटंटही चाळा. या क्षेत्रातली असंख्य संयुगं कंपन्यांच्या पेटंटमध्येच पहिल्यांदा छापली गेली आहेत, आणि आपल्याला नवा वाटलेला रेणू तिथे आधीच नोंदलेला सापडतो.

पायरी ५: भट्टी लावणं

इरिडियमची नेहमीची वाट दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा जपानी रसायनशास्त्रज्ञ नोनोयामा यांच्या १९७४ च्या पद्धतीचा. इरिडियम क्लोराइड आणि सव्वादोन ते अडीच पट लिगंड, २-इथॉक्सीइथेनॉल आणि पाणी यांच्या तीनास एक मिश्रणात नायट्रोजनखाली सुमारे २४ तास रिफ्लक्स करायचे. गार झाल्यावर पाणी घातलं की क्लोरीनच्या पुलाने जोडलेला डायमर खाली बसतो. फिनाइलपिरिडीनचा असेल तर पिवळा. २-इथॉक्सीइथेनॉल प्रजननसंस्थेला अपायकारक आहे, त्यामुळे फ्यूम हूड आणि योग्य हातमोजे यांत तडजोड नको. गरोदर सहकाऱ्याला या टप्प्यापासून दूर ठेवा.

दुसऱ्या टप्प्यात डायमरचे दोन तुकडे करून प्रत्येकाला नवा जोडीदार द्यायचा. ॲसिटिलॲसिटोन आणि सोडियम कार्बोनेट घातलं तर विद्युतभाररहित संयुग मिळतं. फिनाइलपिरिडीनवालं ५१६ नॅनोमीटरला हिरवं चमकतं. बायपिरिडीन घातलं तर आयनी संयुग मिळतं, नारिंगीकडे झुकणारं. आयनी संयुगं करायला सोपी असतात, पण निर्वातात तापवून उडवता येत नाहीत. ओएलईडीचे थर तसेच देतात, त्यामुळे शेवटी काय हवं आहे ते आत्ताच ठरवा.

या दुसऱ्या टप्प्यात शोधाचा वेग वाढवता येतो. डायमर एकदा मोठ्या प्रमाणात करून ठेवला की वीस व्हायलमध्ये वीस वेगळे जोडीदार घालून, प्रत्येकी काही मिलिग्रॅमवर अभिक्रिया चालवता येतात. प्रिन्स्टनमध्ये स्टीफन बर्नहार्ड यांच्या गटाने २००४ मध्ये अशाच समांतर पद्धतीने शंभर इरिडियम संयुगांचा संच केला होता. त्यासाठी यंत्रमानव लागत नाही. तापणारी ॲल्युमिनियमची ठोकळी, झाकणाच्या व्हायल आणि नीट चिकटवलेली लेबलं पुरतात. डायमर स्वतः फिका चमकतो, त्यामुळे टीएलसीच्या (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) पट्टीवर नवा तेजस्वी ठिपका उगवला की अभिक्रिया पुढे सरकते आहे हे लगेच दिसतं.

पायरी ६: जे केलं ते तेच आहे का

लॅम्पखालची चमक म्हणजे ओळखपत्र नव्हे. एक टक्का अशुद्धी मुख्य संयुगापेक्षा जास्त तेजस्वी असू शकते आणि तुम्ही तिच्याच प्रेमात पडता.

वस्तुमान वर्णपटात इरिडियमची खूण स्पष्ट असते. १९१ आणि १९३ ही दोन समस्थानिकं ३७ आणि ६३ च्या प्रमाणात, म्हणजे दोन एककांच्या अंतरावर एक बुटका आणि एक उंच सुळका. तो जोड नसेल तर रेणूत इरिडियम नाही. तीन सारख्या लिगंडांच्या संयुगात आणखी एक प्रश्न असतो, लिगंडांच्या मांडणीची दोन रूपं असतात त्यांतलं कोणतं, फॅक की मेर? फॅक रूपात तिन्ही लिगंड सममितीने सारखे, म्हणून फिनाइलपिरिडीनच्या संयुगात प्रोटॉन एनएमआरला आठच संकेत येतात. मेर रूपात तिन्ही वेगळे दिसतात आणि चोवीसांची गर्दी होते. फॅक सहसा जास्त चमकतं आणि जास्त टिकतं. आपल्या विभागात ही यंत्रं नसली तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सामायिक सुविधांकडे नमुने पाठवता येतात. क्रिस्टल मिळाला तर एक्स-रे रचना जरूर करून घ्या.

पायरी ७: प्रकाश मोजणं, आणि हवेचा हिशेब

इथे थोडा थांबतो, कारण नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

हवेतला ऑक्सिजन मुळातच ट्रिप्लेट आहे. तो तुमच्या संयुगाच्या ट्रिप्लेटला गाठतो आणि ऊर्जा घेऊन जातो. माझं पहिलं नारिंगी संयुग उघड्या क्युव्हेटमध्ये मी मोजलं, ‘फिकं’ असं वहीत लिहिलं आणि बाटली कपाटात ठेवली. कित्येक आठवड्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याच द्रावणातून वीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडले आणि लॅम्प धरला. क्युव्हेट निखाऱ्यासारखं उजळलं. ते पाहताना अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो. तेव्हापासून दोन मोजमापं करायची सवय लागली, एक हवेत आणि एक नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली. नेमकं काम हवं असेल तर द्रावण गोठवून, पंप लावून, पुन्हा वितळवण्याचं चक्र किमान तीनदा करा.

या फरकातून निदानही होतं. वायू बदलल्यावर चमक वाढली तर ती ट्रिप्लेटची. काहीच फरक पडला नाही आणि प्रकाश निळसर असेल, तर उरलेला मोकळा लिगंड चमकत असण्याची शक्यता मोठी.

क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या फोटॉनांपैकी किती प्रकाश होऊन बाहेर येतात तो अंश, मोजताना उत्तेजनाच्या तरंगलांबीला द्रावणाचं शोषण ०.१ च्या खाली ठेवा. नाहीतर द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं. निळ्या भागासाठी सौम्य सल्फ्युरिक आम्लातलं क्विनीन सल्फेट हे जुनं मानक आहे, यील्ड ०.५४. ३५० ला उत्तेजित केलंत आणि ७०० ला छान सुळका दिसला तर आनंद थोडा आवरा. ग्रेटिंगचा दुसऱ्या क्रमाचा प्रकाश तिथेच येतो. मध्ये फिल्टर लावा, सुळका गेला तर तो खरा नव्हता.

यील्ड आणि आयुर्मान दोन्ही मिळाले की एक भागाकार करा. समजा यील्ड ०.९ आहे आणि आयुर्मान १.६ मायक्रोसेकंद. भागाकार येतो सेकंदाला साधारण ५.६ लाख, हा प्रकाश देण्याचा वेग. उरलेल्या ०.१ ला त्याच आयुर्मानाने भागलं की सुमारे ६३ हजार, हा ऊर्जा वाया जाण्याचा वेग. संयुग फिकं असेल तर दोष कुठे आहे ते या दोन आकड्यांतून कळतं. पहिला लहान असेल तर धातूचा सहभाग वाढवा. दुसरा मोठा असेल तर रेणू जास्त ताठ करा, हलणारे गट काढा.

पायरी ८: निळ्याच्या वाटेला जाताना

नवं काही शोधायचं म्हटलं की सगळ्यांना निळ्याचं आकर्षण, आणि गरजही तिथेच आहे. लाल आणि हिरवी फॉस्फोरेसंट संयुगं बाजारातल्या पडद्यांमध्ये रुळली, निळा मात्र वर्षानुवर्षं फ्लुओरेसंटच राहिला. कारण रेणूतच आहे. निळ्याची उत्तेजित अवस्था इतकी उंच असते की इरिडियमच्या रिकाम्या डी-कक्षांच्या पातळ्या तिच्या आवाक्यात येतात. या कक्षा बंध सैल करणाऱ्या आहेत. ऊर्जा तिकडे गेली की धातू आणि लिगंडचा बंध तुटतो, आणि एकदा तुटलेला रेणू मग प्रकाश देत नाही. पायरी एकमधला ऊर्जा गळण्याचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो, फक्त या वेळी पातळी खाली नसून वर आहे. उपाय म्हणजे कार्बीनसारखे घट्ट पकडणारे लिगंड, जे त्या डी-पातळ्या आणखी वर ढकलतात.

निळा म्हणजे किती निळा तेही पाहा. प्रसिद्ध फिरपिक हे इरिडियमचं संयुग ४७० नॅनोमीटरजवळ चमकतं. ऐकायला निळं, पण वर्णपटाची शेपटी हिरव्यात लांबते, म्हणून रंगनिर्देशांकातला वाय (निळा जितका गडद तितका हा आकडा लहान) साधारण ०.३ येतो. टीव्हीच्या पडद्यांसाठीच्या बीटी २०२० मानकाचा निळा ०.०४६ वर आहे. फिरपिक आकाशी आहे. सुळका कुठे आहे त्याबरोबर तो किती अरुंद आहे हेही नोंदवा.

पायरी ९: द्रावणातून थरात

दिव्यात संयुग एकटं नसतं. सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीच्या थरांच्या चळतीत, यजमान पदार्थात काही टक्के मिसळलेलं असतं. १९९९ च्या हिरव्या दिव्यात ते प्रमाण ६ टक्के होतं. शुद्ध संयुगाचा थर दिला तर रेणू एकमेकांची चमक मारतात. यजमानाची ट्रिप्लेट पातळी पाहुण्यापेक्षा वर हवी. हिरव्या इरिडियमची पातळी २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि सीबीपी या यजमानाची २.५६, म्हणून जमतं. फिरपिकची २.६५, तिथे ऊर्जा उलट यजमानाकडे वाहू लागते, म्हणून २.९ चा एमसीपी हा यजमान घ्यावा लागतो.

दिवे बनवणारी प्रयोगशाळा तुमच्याकडे नसेल, आणि बहुतेकांकडे नसते, तर सहकार्य मागताना पाकिटात फक्त पावडर पाठवू नका. सोबत औष्णिक विघटनाचं तापमान, ट्रिप्लेटची ऊर्जा, फेरोसीनच्या तुलनेत मोजलेली ऑक्सिडीकरणाची पातळी, पातळ फिल्ममधली क्वांटम यील्ड आणि निर्वातात उडवून शुद्ध केलेला किमान शंभरएक मिलिग्रॅमचा नमुना द्या. उडवताना पावडर काळी पडत असेल तर ते संयुग द्रावणातून थर देणाऱ्या गटाकडे पाठवा. आणि हे सगळं दुसऱ्या, स्वतंत्रपणे केलेल्या बॅचवर तपासलेलं असू द्या. माझ्या वहीत पहिल्या बॅचच्या आकड्यांखाली पेन्सिलीची रेघ असते, दुसऱ्या बॅचने तेच आकडे दिले की मगच शाई फिरते.